उन्हात ठेवलेली परात

मी परात बोलतेय. जरा हळूच बोलतेय, कारण हे मी सांगायचं नव्हतं. "कोणाले काही सांगू नोका," असं रमानं त्या दिवशी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. मीही घरातलीच. पण ज्यांनी लपवायचं होतं त्यांनीच पुढे ते सांगून टाकलं, तेव्हा माझं तोंड उघडायला आता हरकत नसावी.

शिवाय आज मला वेळ आहे. भिलाईच्या हुडको वसाहतीत एका घराच्या कठड्यावर मी उन्हात वाळते आहे. सकाळीच मला चिंच आणि मीठ लावून घासलंय. कुणी हाक मारेपर्यंत मी मोकळी आहे.

माझा जन्म भंडाऱ्याचा. एका तांबटानं पितळेचा पत्रा ठोकून ठोकून मला घडवलं. त्या ठोक्यांच्या खुणा अजून माझ्या पोटाशी आहेत. उन्हात तिरपं धरलं की दिसतात. माणसं त्यांना नक्षी म्हणतात आणि कौतुक करतात. मला मात्र ते ठोके आठवतात.

अंजनाबाईंच्या लग्नात मी त्यांच्याबरोबर सासरी निघाले. सासर म्हणजे हेच गाव. त्यांचे यजमान पंजाबराव इथल्या स्टील प्लांटमध्ये नोकरीला होते. पावर हाउस स्टेशनवर आम्ही उतरलो तेव्हा पंजाबरावांनी ट्रंक एका हातात घेतली आणि मला टोपीसारखं डोक्यावर पालथं घातलं. नव्या नवरीला त्या दिवशी पहिल्यांदा हसू आलं. पोलादाच्या गावात मी पितळेची. मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या मला सुरुवातीला नाकं मुरडायच्या. "आमाले चिंच नाई लागत," म्हणायच्या. पण सणासुदीला बाहेर मीच जायची.

माझ्यात कणीक मळली गेली, तांदूळ निवडले गेले, लहानग्या प्रशांतची अंघोळसुद्धा झाली. त्यानं तेव्हा कडेवर आपटलेल्या लोखंडी चमच्याचा पोचा अजून माझ्या काठावर आहे. आज तो प्लांटच्या ऑफिसात क्लार्क आहे, डोक्यावर टक्कल आहे, पण माझ्यासाठी तो अजून परातीत बसून पाणी उडवणारा प्रशांतच.

तो दहावी पास झाला त्या दिवशी अंजनाबाईंनी माझ्यात गूळ-फुटाणे भरले, वर विणलेला रुमाल टाकला आणि मला त्याच्याच हातात देऊन गल्लीभर फिरवलं. "जो पास झाला त्यानंच परात न्यावी," हा त्यांचा नियम. दुसरा नियमही त्यांचाच. परात रिकामी जायची नाही आणि रिकामी यायची नाही. ज्याच्या घरी जाईल त्यानं मूठभर काहीतरी घालूनच ती परत पाठवायची. तांदूळ, पेरू, साखर, काहीही. हळूहळू सगळ्या गल्लीनंच तो रिवाज उचलला. छत्तीसगढी घरांनी, तेलुगू घरांनी, सगळ्यांनी.

तेव्हा कुणी विचारलं, "किती मिळाले?" तर अंजनाबाई म्हणायच्या, "पास झाला. आणखी काय पायजे?" आणि विचारणारा फुटाणे तोंडात टाकायचा.

अंजनाबाई गेल्या. मी रमाच्या हातात आले. रमा प्रशांतची बायको, यवतमाळची, कामाला चटपटीत आणि मनानं चांगली. पण तिच्या काळात एक गोष्ट बदलली. गूळ-फुटाण्यांचे पेढे झाले आणि पेढ्यांबरोबर टक्के जाऊ लागले. तिच्या मोठ्या मुलानं, आता शिकायला बाहेरगावी असलेल्या परागनं, दहावीत इतके मार्क मिळवले की रमा ते दाराबाहेरूनच ऐकवायची. लोक रुमाल उचलायच्या आधी आकडा विचारायचे. मी पाहिलंय, आकडा मोठा असला की माणसं मोठा पेढा निवडतात. कमी असला की कडेचा, फुटका घेतात आणि म्हणतात, "नाई, मले गोड कमी सांगतलं आहे डॉक्टरनं."

आणखी एक झालं. निकालाच्या दिवशी रमा मला सकाळीच घासून या कठड्यावर ठेवायची. मी उन्हात चकाकले की गल्लीला कळायचं, या घरी आज पेढे आहेत. म्हणजे माझं चमकणं हीच बातमी.

आता मोनाबद्दल सांगते. मोना परागची धाकटी बहीण. फार बोलत नाही. पाहुणे आले की स्वयंपाकघरात येऊन माझ्याशेजारी उभी राहते आणि बोटानं माझ्या काठावरचा तो पोचा चाचपत बसते. तिला चित्रं छान काढता येतात, हिंदीचे निबंध ती इतके नेमके लिहिते की तिच्या मॅडम ते वर्गात वाचून दाखवतात. पण गणित तिच्याकडे पाहून डोळे वटारतं. दहावीच्या वर्षभर ती पहाटे उठून बसायची आणि वहीवर आकडे लिहून खोडायची. मी तिथेच मांडणीवर होते. मला ते दिसायचं. घरात बाकी कुणाला दिसलं नाही, कारण परागचा लागला तसाच मोनाचाही निकाल लागणार, हे सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं.

मे महिना होता. कूलर घरघरत होता तरी भिंती तापलेल्या. निकालाच्या सकाळी रमानं मला घासलं आणि नेहमीसारखं कठड्यावर ठेवलं. पंजाबराव तर निकाल लागायच्या आधीच ऑटोनं पावर हाउसच्या बाजारात पेढे आणायला निघाले. "नंतर गर्दी होते बाप्पा," म्हणाले.

त्या दिवशी इथे उन्हात बसून मी आतलं सगळं ऐकलं. आधी रमाचा आवाज, "अवं, दाखव ना मोबाइल. साइट उघडली का नाई?" आणि मग मोनाचा आवाज, एकदम बारीक, "आई, गणितात पूरक आलं."

पूरक म्हणजे त्या विषयात नापास, तो पेपर जुलैत पुन्हा द्यायचा.

रमाला एकदम माझी आठवण झाली असावी, कारण ती तशीच धावत बाहेर आली. मला उचलून आत न्यायला. तिचे हात माझ्या काठाला लागले आणि तेवढ्यात समोरच्या फाटकातून सिंधुताईंनी हाक मारली.

"रमा वं! परात तर भल्ली चमकून राहिली! किती आले पोट्टीले?"

सिंधुताई समोरच राहतात. मनात काही ठेवत नाहीत, पोटातही नाही. रमा मला हातात धरून उभी. ऊन इतकं होतं की मी तापले होते, पण तिनं मला सोडलं नाही. आणि तिच्या तोंडातून निघून गेलं, "ब्याऐंशी."

"ब्याऐंशी! वा वा! मंग पाठव पोट्टीले पेढे घेऊन!" सिंधुताई ओरडल्या आणि शेजारच्या फाटकाकडे वळल्या. आता बातमी थांबणार नव्हती.

खोटं बोलायचं म्हणून रमा बोलली नव्हती. मी तिच्या हातात होते, मला ते कळत होतं. उन्हात चमकणारी परात हातात धरून "नापास झाली" असं म्हणायची या गल्लीत कुणालाच सवय नव्हती. चूक एवढीच.

आत आल्यावर तिनं मला ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "कोणाले काही सांगू नोका. जुलैत पेपर देऊन टाकू. कोणाले कळणार पण नाई."

"मी शाळेत नाही जाणार," मोना म्हणाली. ती दाराला टेकून उभी होती. "ना जुलै में, ना कभी. मले बाहेरच नाही जायचं."

"बाहेर तर जाच लागते आता," रमाचा आवाज घाबरलेला होता. "पेढे वाटाले तूच गेली नाई तर लोकं म्हणतील ना, कावून नाई आली?"

तेवढ्यात पंजाबराव पेढ्यांचा मोठा डबा घेऊन घामाघूम आत आले. दोघींचे चेहरे पाहिले. रमानं त्यांना सांगितलं. ते पाणी प्यायले, पदराएवढा मोठा रुमाल काढून मान पुसली आणि मोनाला विचारलं, "हिंदीत किती आले?"

मोना म्हणाली, "शहाऐंशी."

"मंग ते कोणी सांगतलंच नाई मले," पंजाबराव म्हणाले आणि आपल्या खोलीत गेले. रमानं ऐकलं नाही, ती माझ्यात पेढे लावत होती. मोनानं ऐकलं असावं.

मग मी तिच्या हातात आले. माझ्या आयुष्यात मी पुष्कळ ओझी वाहिली आहेत, पण तो डबाभर पेढा त्या दिवशी फार जड होता. वरून विणलेला रुमाल. मोनानं मला दोन्ही हातांनी धरलं.

पहिलं घर सिंधुताईंचं. त्यांनी तोंडभर कौतुक केलं, मोनालाच पेढा भरवला. मोना मान खाली घालून उभी. "पाय किती सालस पोट्टी आहे! काही बोलत नाई, चालत नाई, आन नंबर पाय!" मग त्यांनी आतल्या खोलीकडे तोंड वळवलं. "मोहित! ये मोहित, इकडे ये! पाय जरा हिच्याकडे. ब्याऐंशी! आन तू? दिवसभर क्रिकेट! हिच्या पायाचं तीर्थ घे!"

मोहित त्यांचा मुलगा, नववीत शिकणारा. तो दारात आला. त्यानं मोनाकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. पेढा उचलला आणि तसाच मुठीत धरून राहिला. "हमेशा दूसरों से ही तुलना करते हो," असं काहीतरी पुटपुटला. सिंधुताईंनी त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, हलकाच, पण मोना दचकली. इतकी की मी तिरपी झाले आणि दोन पेढे घरंगळले.

सिंधुताईंनी वाटीभर गहू पेढ्यांच्या शेजारी ओतले आणि आम्ही बाहेर आलो. मोना गल्लीच्या कोपऱ्यावरच्या कडुनिंबाखाली थांबली. मला तिनं पारावर ठेवलं. तिचं तोंड अगदी माझ्यावर वाकलेलं होतं. घासलेल्या पितळेत चेहरा दिसतो, थोडा पसरट. ती स्वतःकडे पाहत होती की तिला मोहितची पाठ आठवत होती, कुणास ठाऊक. मी मात्र तेव्हा समजले. नापास झाल्याचं तिला दुःख होतंच. पण ते दुःख तिचं होतं. ब्याऐंशी आता मोहितच्या पाठीवर पडत होतं, आणि ते आणून ठेवलं होतं तिच्या हातानं.

दुसरं घर रश्मीचं. रश्मी तिच्याच वर्गातली. वर्गात दोघी एकाच बाकावर बसतात. घरात पडदे ओढलेले, टीव्ही बंद. मला वाटलं, कुणी आजारी आहे. रश्मीचे डोळे सुजलेले होते.

"तुझं काय आलं?" मोनानं विचारलं.

"एक्याण्णव," रश्मी म्हणाली आणि पुन्हा रडू लागली. आतून तिच्या वडिलांचा आवाज आला, "पंचाण्णवची आशा होती आमाले. चार टक्के कुठं गेले, हे तर विचाराच लागते ना!"

मोनानं रुमाल बाजूला केला आणि मला पुढे केलं. "खा ना. तुमच्याकडे पेढे नाही आणले का?"

"कशाचे पेढे?" रश्मी म्हणाली. "यहाँ तो मातम चल रहा है."

आणि तिथे, त्या अंधाऱ्या बैठकीत, मोनानं पहिल्यांदा खरं सांगितलं. "रश्मी, मले गणितात पूरक आलं. ब्याऐंशी झूठ आहे. आईच्या तोंडातून निघून गेलं."

रश्मीचं रडणं थांबलं. तिनं मोनाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, पेढ्यांकडे. आणि एकदम तिला हसू फुटलं. मोनालाही. दोघी तोंडावर हात दाबून हसत होत्या, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी आजवर पाहिलेल्या निकालांमध्ये असा निकाल पाहिला नव्हता. एक्याण्णव टक्क्यांच्या घरी पेढा नव्हता आणि पूरकच्या घरचे पेढे तिथे आले होते. रश्मीनं त्यातला सगळ्यांत मोठा उचलला.

"पागल, पूरक आलं म्हणजे काय झालं? मी शिकवते ना तुले. रोज ये." मग तिनं माझ्यात काय घालावं ते शोधलं. अंगणातल्या झाडाच्या कैऱ्या तिनं माझ्यात टाकल्या, गव्हांवर, पेढ्यांच्या बाजूला.

तिसरं घर कलावतीबाईंचं. त्या छत्तीसगढी, धमधा बाजूच्या. त्यांनी मोनाचा चेहरा पाहिला आणि आकडा विचारलाच नाही. "खाए हस का नोनी?" म्हणाल्या, म्हणजे जेवलीस का पोरी? मोनानं नाही म्हणून मान हलवली. तर त्यांनी तिला आधी बसवलं, थंड पाणी दिलं. मोना म्हणाली, "काकी, गणित में पूरक आ गया." त्यांनी पेढा तोडून अर्धा तिच्या हातावर ठेवला. "आगे त का होगे? फेर दे देबे," आलं तर काय झालं, पुन्हा दे, एवढंच म्हणाल्या, आणि माझ्यात मूठभर लाल माठाची भाजी ठेवली. इतक्या सहजपणे, की मोनाला वाटलं असेल, ही बातमी एवढीच तर आहे.

मग मोना घराकडे वळली नाही. ती परत सिंधुताईंच्या फाटकाशी गेली.

मला वाटलं, आता नको. इतकं पुरे. पण माझं कोण ऐकतं! मोहित अंगणात सायकलची चेन चढवत होता. सिंधुताई दारात आल्या.

"काय झालं वं? पेढे उरले का?"

"काकू," मोना म्हणाली. तिचा आवाज इतका लहान होता की सिंधुताईंना पुढे यावं लागलं. "ब्याऐंशी नाही आले. गणितात पूरक आलं आहे. मोहितले तुम्ही माझ्यामुळे मारलं."

मोहितच्या हातातून चेन सुटली. सिंधुताई रागावल्या. खऱ्याखुऱ्या रागावल्या. "मंग तुह्या मायनं मले खोटं कावून सांगतलं? आमी काय परके आहो का? मी तर आख्ख्या गल्लीले सांगून आली ना बाप्पा! आता माहं तोंड कोठं लपवू?"

मोना पळाली नाही. उभी राहिली. माझा काठ तिनं छातीशी धरला होता.

सिंधुताई फणकारून आत गेल्या. मला वाटलं, दार लागलं. पण त्या बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या हातात ताज्या शेवयांचा पुडा होता. त्यांनी तो माझ्यात ठेवला, जरा आपटूनच. "परात रिकामी जात नसते," म्हणाल्या. "आन मायले सांग, मले ब्याऐंशीची गरज नव्हती. मले पेढ्याशी मतलब आहे." मग मोहितकडे वळून, तिरपी नजर करून, "आन तू काय दात काढून राहिला?"

मोहित खरंच हसत होता. पण मोनावर नाही. त्यानं मुठीतला तो पहिला पेढा, आतापर्यंत पार मऊ झालेला, तोंडात टाकला.

मोनानं घरी येऊन मला ओट्यावर ठेवलं. गहू, कैऱ्या, भाजी, शेवया, आणि थोडे पेढे. रमा भाजी पाहत राहिली. "आई, मी सगळ्यांले सांगून आली," मोना म्हणाली.

रमा खाली बसली. तिनं पदर तोंडाला लावला. मला वाटतं, तिला आधी राग आला, मग लाज वाटली, आणि मग मोकळं वाटलं. हे सगळं एकाच चेहऱ्यावर, एकामागून एक. "मी कावून तसं बोलली, मले नाई समजलं वं," ती म्हणाली. मोना तिच्याजवळ बसली. कितीतरी वेळ त्या दोघी माझ्यातले गहू निवडत बसल्या. त्यात खडा एकही नव्हता, तरी.

संध्याकाळी प्रशांत जनरल शिफ्टहून आला. त्याला फाटकाशीच कळलं होतं. चपला काढून तो दारातच थांबला. "ब्याऐंशीचं ऐकून ऑफिसात मले पार्टी मागून राहिले होते," म्हणाला. "सोबतच्या रूपेशनं तर समोसे पण आणले. आता उद्या काय सांगू?"

"सांग," पंजाबराव आतून म्हणाले, "समोसे जुलैत देतो."

प्रशांतनं मोनाकडे पाहिलं. त्याच्या मनात बरंच काही होतं, चांगलं आणि वाईट दोन्ही, पण त्यानं कैरी उचलली. "मीठ कुठं आहे?" विचारलं. आणि मग, कैरीकडेच पाहत, "हिंदीत शहाऐंशी कसे काय आणले वं तू? मले तर कधी पन्नासच्या वर नाई आले."

मोनानं मिठाचा डबा पुढे केला. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं जेवायला ताट घेतलं.

त्यानंतर माझं काम वाढलं. रश्मी रोज दुपारी यायची, कधी मोना तिच्याकडे जायची. एकदा दोघींनी मला जमिनीवर ठेवलं आणि माझ्या काठाभोवती सुतळी गुंडाळली. मग तीच सुतळी माझ्या मधोमध आडवी ठेवून मोजली. वही काढली. मोना भागाकार करत होती, खोडत होती, पुन्हा करत होती. आणि एकदम ओरडली, "अरे, सच में तीन से थोड़ा ज़्यादा आता है! परिधि भागिले व्यास!"

"तेच तर किताब में लिखा है, पागल," रश्मी म्हणाली.

"हां, पर अब समझ में आया."

मला तर इतकी वर्षं माहीतच नव्हतं की माझ्या कडेत असं काही आहे. कणीक मळणाऱ्या कुणी मला ते सांगितलं नव्हतं. रमा दारातून पाहत होती. तिनं रश्मीला शेवयांची खीर दिली आणि तिच्या मार्कांबद्दल एक शब्द विचारला नाही. रश्मी रोज येऊ लागली त्यात खिरीचाही हात असावा.

एक दिवस मोना शाळेत गेली. पूरकसाठी नाव द्यायला. प्रशांत स्कूटरवर सोडायला निघाला होता, पण ती म्हणाली, "नाही बाबा, मी एकटी जाते." फाटकापाशी ती थांबली, परत आली, माझ्या काठावरचा पोचा एकदा बोटानं चाचपला, आणि गेली. मी ओट्यावरूनच फाटकाच्या आवाजाकडे कान लावून होते. फाटक बंद झालं, आणि पुन्हा उघडलं नाही.

पेपर झाला. आज त्याचा निकाल.

म्हणून मी या कठड्यावर आहे. सकाळी रमानं मला घासलं तेव्हा मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते. मे महिन्यात ती मला घासायची तेव्हा तिच्या डोळ्यांत आकडे असायचे. आज नव्हते. आज ती नुसती परात घासत होती, नीट, कडेकडेनं, पोच्यापाशी जरा जास्त वेळ. मग तिनं मला इथे ठेवलं.

समोरून सिंधुताईंनी हाक मारलीच. "आला का निकाल?"

"नाई अजून."

"मंग परात कावून ठेवली उन्हात?"

"पेढे तर वाटाचेच आहेत ना," रमा म्हणाली. "पास झाली तरी, अन् नाई झाली तरी. पोट्टीनं मेहनत तर केली."

सिंधुताई म्हणाल्या, "मंग मले मोठा पेढा ठेवजो." आणि मोहितला हाक मारली, "ये, समोरच्या कठड्याकडे पाणी उडवू नको, परात आहे तिथं!"

पेढे फ्रिजमध्ये आहेत. पंजाबरावांनी कालच आणून ठेवले. पोरांनो, ज्यांनी हे ऐकलं असेल त्यांना एकच सांगते. मी पितळ आहे, मला चमकायला चिंच लागते, दर काही दिवसांनी. न घासलेली परात काळी दिसते, पण ती परातच असते, तिच्यात कणीक तितकीच मावते. आणि मोठ्यांनो, तुम्ही मला पाठवा, जरूर पाठवा, पण माझ्यात पेढा घाला, आकडा घालू नका. आकड्याला गोडी नसते. आणि तो कुणा दुसऱ्याच्या पाठीवर पडला तर लागतो. आणि हो, परत येताना मला रिकामी...

थांबा. आत काहीतरी झालं. रश्मी ओरडली, खुर्ची सरकली, आणि आता मोना हाक मारते आहे, "आई, परात आण! परात!" रडत हाक मारते आहे की हसत, ते कूलरच्या आवाजात मला इथून कळत नाही. रमा धावत येते आहे. काय लागला असेल निकाल, मला माहीत नाही, पण परात मोनानं स्वतः मागितली, म्हणजे आज ती दाराबाहेर स्वतःच्या पायानं जाणार.